नंदादेवीवर हरवलेल्या प्लुटोनियमचा हिशोब द्या

प्रति,
मा. पंतप्रधान, भारत सरकार (अणुऊर्जा विभागाचे मंत्री या नात्याने)
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, अणुशक्ती भवन, मुंबई

महोदय,

नंदादेवीच्या अंगावर ऑक्टोबर १९६५ मध्ये एका गुप्त मोहिमेत ठेवलेलं प्लुटोनियमचं जनित्र अजून सापडलेलं नाही. त्याला साठ वर्षं होऊन गेली. ती मोहीम ज्यांनी नेली ते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली जून २०२५ मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी वारले. तेव्हाचे पंतप्रधान, तेव्हाचे गुप्तचर प्रमुख, नंतर चौकशीला बसलेल्या समितीतले सेठना, रामण्णा, मेनन हे त्याआधीच गेले. ज्यांना विचारावं अशी माणसं आता जवळपास उरली नाहीत. फायली उरल्या आहेत आणि त्या सरकारच्या ताब्यात आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अर्धायुकाल आणि अल्फा कण हे माझे रोजचे शब्द आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन गढवालात जाते. पुण्या-मुंबई-नाशिकची किती मुलं दर वर्षी औलीला, कुआरी खिंडीला जातात हे आपल्याला ठाऊक असेल. गोरसनच्या कुरणावर पोहोचलं की समोर नंदादेवी उभी असते आणि वाटाड्या हमखास ती गोष्ट काढतो. मुलं माझ्याकडे बघतात. त्यातलं भौतिकशास्त्र मी सांगू शकते, पण पुढचा प्रश्न येतो, ‘मॅडम, मग सरकारने काय केलं?’ त्याचं उत्तर आपण द्यायचं आहे.

ज्यांना हा प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी तो थोडा सविस्तर सांगते.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने शिनजियांगमधल्या लोप नूरला पहिली अणुचाचणी केली. १९६२च्या पराभवाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. दिल्लीला धास्ती होती, वॉशिंग्टनलाही होती. बॉम्ब झाला, आता तो वाहून नेणारं क्षेपणास्त्र किती दूर आलं आहे, हे दोघांना कळायला हवं होतं. चाचणीच्या वेळी क्षेपणास्त्र रेडिओवरून आपली माहिती खाली पाठवत असतं. ती ऐकायची तर मध्ये हिमालयाची भिंत. तेव्हाच्या उपग्रहांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. मग कान हिमालयाच्या माथ्यावरच ठेवायचा, अशी कल्पना निघाली. १९६३ साली एव्हरेस्ट चढलेला नॅशनल जिओग्राफिकचा छायाचित्रकार बॅरी बिशप आणि अमेरिकी हवाई दलाचे जनरल कर्टिस लमे यांच्या बोलण्यातून ती निघाली असं सांगितलं जातं. सीआयएने ती उचलली, आपल्या इंटेलिजन्स ब्युरोने साथ दिली आणि जागा ठरली नंदादेवी, ७,८१६ मीटर.

तितक्या उंचीवर बॅटरी बदलायला कोण जाणार? म्हणून यंत्राला वीज पुरवायला अणुजनित्र निवडलं गेलं, स्नॅप-१९सी जातीचं. त्यात अणुभट्टी नसते, हलणारा एकही भाग नसतो. प्लुटोनियम आपोआप क्षय पावत राहतं, त्यातून उष्णता निघते आणि उष्णतेपासून थर्मोकपल वीज करतात. याच कुळातली जनित्रं पुढे पायोनियर यानांवर बसून गुरूपर्यंत गेली आणि व्हायकिंगवर बसून मंगळावर उतरली. नंदादेवीच्या जनित्रात प्लुटोनियमच्या सात कुप्या होत्या. एकूण वजन पाच पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन किलो धरा.

मे १९६५ मध्ये कोहलींच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले होते. सारा देश त्यांचे सत्कार करत होता. त्यांच्यातल्याच काहींना कुणाला कळू न देता अलास्कात माउंट मॅकिन्लेवर सरावाला नेलं. सप्टेंबरात इकडे पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं आणि तिकडे ही तुकडी नंदादेवीकडे निघाली होती. कुप्या बसवल्यावर जनित्र गरम झालं. त्या थंडीत ते आपल्या पाठीवर यावं म्हणून हमालांमध्ये चढाओढ लागायची, हे कोहलींनी स्वतःच पुढे सांगितलं. शेर्पांनी त्याला नाव दिलं ‘गुरू रिन्पोचे’. आपण काय वाहतो आहोत हे त्यांच्यातल्या कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर तुकडी चौथ्या तळावर होती, सुमारे ७,३०० मीटरवर. हिमवादळ सुरू झालं. कोहलींनी निर्णय घेतला की माणसं खाली आणायची, सामान वरच राहू द्यायचं. जनित्र खडकाच्या कपारीत ठेवलं, दोरांनी घट्ट बांधलं आणि सगळे उतरले. तो निर्णय बरोबर होता. त्या जागी दुसरा निर्णय घेणारा नेता मला माझ्या मुलांसोबत नको.

मे १९६६ मध्ये माणसं परत वर गेली. जिथे बांधून ठेवलं होतं तो खडकाचा भागच जागेवर नव्हता. हिवाळ्यातल्या हिमकड्यांनी सगळं खाली ओढून नेलं होतं. त्या साली शोध झाला, ६७ साली झाला, ६८ साली झाला. हाती काही लागलं नाही. दरम्यान २७ ऑक्टोबर १९६६ला चीनने क्षेपणास्त्रावर बसवलेल्या अण्वस्त्राची चाचणी करून टाकली. १९६७ मध्ये शेजारच्या नंदाकोटवर दुसरं यंत्र बसवलं गेलं. ते काही काळ चाललं, बर्फात गाडलं गेलं आणि पुढच्या वर्षी खाली आणलं. पहिलं तेवढं डोंगरातच राहिलं.

१९६५ साली ही मोहीम आखणाऱ्यांवर माझा रोष नाही. शेजाऱ्याने बॉम्ब फोडला होता, आपली सीमा उघडी पडली होती आणि त्या काळात गुप्तता लागणारच होती. माझं म्हणणं पुढच्या वर्षांबद्दल आहे.

देशाला हे कळलं १९७८ साली, तेही एका अमेरिकी मासिकामुळे. संसदेत गदारोळ झाला. १७ एप्रिलला मोरारजी देसाईंनी लोकसभेत उभं राहून सांगितलं की हो, असं झालं होतं, दोन्ही सरकारांच्या सर्वोच्च पातळीवर ठरून झालं होतं. आधीच्या सरकारांच्या कारकिर्दीतली गोष्ट होती, तरी त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी डॉ. आत्माराम यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती नेमली. होमी सेठना, राजा रामण्णा, एम. जी. के. मेनन, व्ही. रामलिंगस्वामी, ए. के. साहा. याहून मोठी नावं त्या वेळी देशात मिळाली नसती. १९७९ला अहवाल झाला. गंगेच्या पाण्याला धोका फारच कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या भागातल्या पाण्याचं, हवेचं ठरावीक काळाने मोजमाप करत राहा आणि जनित्र शोधण्याच्या नव्या पद्धती विकसित करा, अशी त्यांची शिफारस होती. विषय संपला असं त्यांनी म्हटलं नव्हतं.

इथे माझी पहिली तक्रार. निष्कर्षाचा दिलासा देणारा अर्धा भाग आजवर पुन्हा पुन्हा सांगितला गेला आणि काम मागणारा अर्धा भाग विसरला गेला. पूर्ण अहवाल, परिशिष्टांसह, सरकारच्या संकेतस्थळावर कुणाही नागरिकाला सहज उघडून वाचता यायला हवा होता. मोजमापाचे आकडे वर्षवार लावून लोकांसमोर असायला हवे होते. ऋषिगंगेच्या काठच्या ज्या लोकांशी मी बोलले, त्यांच्यापैकी एकालाही आठवत नाही की कुणी सरकारी माणूस येऊन म्हणाला, ‘तुमच्या पाण्यात आम्ही हे मोजलं, हे सापडलं, हे सापडलं नाही.’ मोजलं असेल तर दाखवा. मोजलं नसेल तर तसं सांगा.

दुसरी तक्रार अफवांची. सरकार बोलत नाही तेव्हा त्याच्या जागी कोण बोलतं हे मी वर्गात बघते. नंदादेवीवर अणुबॉम्ब आहे, तो कधीही फुटेल, नागासाकीवर पडला तसाच आहे, असले व्हिडिओ मुलं मला दाखवतात. ते खोटं आहे. त्या जनित्रातलं इंधन मुख्यतः प्लुटोनियम-२३८ आहे, सोबत २३९चा काही भाग. जनित्राचा अणुस्फोट होत नाही. प्लुटोनियममधून निघणारे अल्फा कण कागदाने अडतात, कातडीने अडतात. धोका आहे तो त्याची बारीक धूळ श्वासातून किंवा पोटात गेली तर. तेव्हा मात्र तो गंभीर आहे. २३८चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८७.७ वर्षं, म्हणजे साठ वर्षांनंतरही दहातले सहा भाग शिल्लक आहेत. २३९चा २४,१०० वर्षं, म्हणजे त्यातलं काहीच कमी झालेलं नाही असं समजा. एवढी साधी माहिती हिंदीत, गढवालीत, चार पानांत छापून घरोघर वाटता आली असती. ती वाटली असती तर त्या व्हिडिओंना गिऱ्हाईक उरलं नसतं.

कुप्या मजबूत असतात हेही मी मुलांना सांगते. मे १९६८ मध्ये अमेरिकेचा निंबस हा हवामान उपग्रह, उड्डाणातच रॉकेट भरकटल्याने, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडला. त्याच्यावर स्नॅप-१९ जनित्रं होती, आपल्या हरवलेल्या जनित्राची सख्खी भावंडं. अमेरिकेने पाच महिन्यांनी ती समुद्रतळावरून काढली. धडधाकट होती. त्यातलं इंधन पुढच्या उपग्रहाला वापरलं. दिलासा देणारी गोष्ट आहे. पण समुद्राच्या वाळूत पाच महिने निवांत पडून राहणं वेगळं आणि हिमनदीच्या पोटात खडक आणि बर्फाच्या मध्ये साठ वर्षं भरडलं जाणं वेगळं. एकावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. आणि ती जनित्रं सापडली, कारण ती शोधली.

तिसरी गोष्ट हिमनदीची, आणि ती लिहिताना मला आपल्या विभागाच्या संस्थापकांची आठवण काढावी लागते. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँवर कोसळलं. ११७ माणसं गेली. त्यात डॉ. होमी भाभा होते. त्या अपघाताभोवतीच्या कटकथांशी मला काही देणंघेणं नाही. मला त्यानंतरचं सांगायचं आहे. विमानाचे अवशेष बोसाँ हिमनदीत गाडले गेले आणि हिमनदी ते खाली वाहून आणू लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये, ४६ वर्षांनी, बर्फात एक टपालाची पिशवी सापडली. तिच्यावर आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाचं नाव होतं. २०२० मध्ये वर्तमानपत्रं सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातम्यांचे मथळे वाचता येत होते. वर्तमानपत्राचा कागद चौपन्न वर्षांनी हिमनदीने जसाच्या तसा परत केला.

हिमनदीत पडलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती उतरत असते. नंदादेवीच्या दक्षिण अंगावरून घसरलेली वस्तू दक्षिण नंदादेवी हिमनदीत येते आणि त्या हिमनदीचं पाणी ऋषिगंगेत. ऋषिगंगा धौलीगंगेला, धौली विष्णुप्रयागला अलकनंदेला, अलकनंदा देवप्रयागला भागीरथीला मिळते आणि तिथून पुढे आपण तिला गंगा म्हणतो. जनित्र साठ वर्षांत किती खाली आलं असेल, की कुठल्या भेगेत अडकलं असेल, याचं गणित मांडायला आज उपग्रहांची चित्रं आहेत, हिमनदीचा वेग मोजायची साधनं आहेत, देहरादूनला वाडिया संस्थेसारखी हिमालयासाठीच स्थापन झालेली संस्था आहे. १९७९च्या समितीकडे यातलं फार थोडं होतं. त्या तुटपुंज्या साधनांवर काढलेला निष्कर्ष आजही तसाच पुढे करणं हा त्या थोर शास्त्रज्ञांचाही सन्मान नव्हे. बर्फ तेव्हापेक्षा वेगाने वितळतो आहे, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आता रैणी आणि लाता. या पत्राचा खरा जीव इथे आहे.

रैणी हे गौरादेवींचं गाव. मार्च १९७४ मध्ये गावातले पुरुष बाहेर असताना इथल्या बायका झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या आणि चिपको आंदोलन जगभर गेलं. लाता त्याच्या जवळ, नंदादेवीच्या अभयारण्याच्या तोंडाशी. इथे नंदादेवीचं देऊळ आहे. गढवालात नंदा ही लेक मानतात. तिची ‘जात’, म्हणजे यात्रा, निघते ती तिला कैलासावर सासरी पोचवायला आणि बायका खऱ्याखुऱ्या रडतात. ज्या डोंगराला लोक लेकीच्या नावाने हाक मारतात, त्याच्या अंगावर काय ठेवलं गेलं हे त्यांना तेरा वर्षांनी वर्तमानपत्रातून कळलं.

या खोऱ्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मोहिमांची ओझी वाहत आले आणि उन्हाळ्यात मेंढ्या वर नेत आले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यापाठोपाठ आतलं अभयारण्य सगळ्यांना बंद झालं. कारण पर्यावरणाचं दिलं गेलं, आणि मोहिमांनी तिथे घाण केली होती हे खरंच आहे. पण चराई गेली, हमाली गेली, वाटाडेपण गेलं. १९९८ मध्ये लाताच्या लोकांना आपल्याच जंगलातल्या हक्कांसाठी आंदोलन करावं लागलं. उद्यान बंद करण्यामागे खरं कारण ते जनित्रच, असं तिथे अनेकजण मानतात. मी तसं म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण लोकांना असं वाटावं, याची जबाबदारी न बोलणाऱ्यावर येते.

७ फेब्रुवारी २०२१. रौंथी शिखराचा कडा सुटला. सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर खडक आणि बर्फ खाली आला. ऋषिगंगा वीज प्रकल्प वाहून गेला, तपोवनचा बोगदा गाळाने भरला, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्याचा अभ्यास केला. कारण स्पष्ट आहे, कडा कोसळला. जनित्राचा त्याच्याशी संबंध जोडणारं काही पुढे आलेलं नाही आणि कुणी जोडू नये. तरीही त्या दिवशी रैणीत लोकांच्या मनात पहिला विचार आला तो जनित्राचा. पुरानंतर मी तिथे गेले होते. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी सीमा रस्ते संघटनेने लोखंडी पूल टाकला होता. त्याच्या अलीकडे एका घराच्या अंगणात एक म्हातारी बाई राजमा निवडत बसली होती. सुपात दाणे, एका बाजूला खडे. नदीकडच्या भिंतीवर गाळाची राखाडी रेघ छातीपर्यंत चढलेली. बोलता बोलता तिने हात न थांबवता विचारलं, “दीदी, आप तो पढ़ाती हैं। ऊपर जो रखा है, वो भी नीचे आएगा क्या?” तिचे सासरे मोहिमांची ओझी वाहायचे. कुठली मोहीम, कुठलं ओझं, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला अल्फा कणांबद्दल सांगितलं, कुप्यांबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ये सरकार बोले तो अच्छा।”

तिचं बरोबर आहे. माझ्या सांगण्याला काय किंमत? सरकारने मोजून, सही करून सांगायला हवं.

ज्या हमालांनी आणि शेर्पांनी ते गरम ओझं पाठीवर वाहिलं, त्यांची नावं कुठल्यातरी हजेरीपटावर असतील. मजुरी दिली तर नोंद असणारच. त्यांच्यातल्या कुणाची पुढे वैद्यकीय तपासणी झाली का? स्पेनचं उदाहरण देते. १७ जानेवारी १९६६ला पालोमारेस गावावर अमेरिकी बॉम्बफेकी विमान कोसळलं, त्याच्यासोबत चार हायड्रोजन बॉम्ब. दोन फुटून प्लुटोनियम शेतांत पसरलं. अणुस्फोट झाला नाही. चौथा बॉम्ब भूमध्य समुद्रात पडला होता, तो सुमारे ऐंशी दिवस शोधून बाहेर काढला. त्यानंतर दशकानुदशकं त्या गावातली माणसं दर वर्षी माद्रिदला बोलावून तपासली गेली. तेव्हा स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती, तरी तपासणी सुरू झाली. आपण लोकशाही आहोत.

आणि कॅनडा. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला हेर उपग्रह, कॉसमॉस-९५४, कॅनडाच्या उत्तरेकडच्या ओसाड बर्फावर पडला. कॅनडाने महिनोन्‌महिने तुकडे वेचले आणि मॉस्कोला साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं. तीस लाख मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेत नंदादेवीवर चर्चा झाली. आपली गोष्ट वेगळी आहे, आपण त्या मोहिमेत भागीदार होतो, हे मान्य. पण भागीदाराला जबाबदारीतला वाटा विचारता येतो. जनित्र अमेरिकेच्या बनावटीचं होतं. कुप्यांची रचना, धातूची जाडी, इंधनाचं नेमकं प्रमाण, टिकण्याच्या चाचण्या ही कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत. आज दोन देशांत अणुसहकार्याचा करार आहे. त्या मैत्रीत एवढं मागणं जड जाऊ नये.

गुप्ततेचं कारण पुढे केलं जाईल, म्हणून कायद्याबद्दल थोडक्यात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद वगळता, द्यायची आहे. गुप्तचर संस्थांना कलम २४चं संरक्षण आहे, पण पाण्याच्या मोजमापाला ते कशाला हवं? मोहिमेचं उद्दिष्ट, त्यातली माणसं, मार्ग, यंत्र, सगळं स्वतः कोहलींनी पुस्तकात लिहून ठेवलं आहे. चीनला यातलं नवीन काही कळायचं राहिलेलं नाही. कळायचं राहिलं आहे ते रैणीला. २०१८ मध्ये उत्तराखंडचे मंत्री सतपाल महाराज यांनीही हा विषय पंतप्रधानांच्या कानावर घातला होता. म्हणजे हे पत्र ही काही एका शिक्षिकेची कल्पना नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१९७९चा समितीचा अहवाल परिशिष्टांसह प्रसिद्ध करा, इंग्रजीत आणि हिंदीत. काही ओळी झाकायच्या असतील तर झाका, पण किती झाकल्या आणि का, हे लिहा.

त्यानंतर आजपर्यंत ऋषिगंगेच्या खोऱ्यात पाणी, गाळ, हवा यांचं जे मोजमाप झालं ते वर्षवार जाहीर करा. ज्या वर्षी झालं नाही त्या वर्षासमोर ‘झालं नाही’ असं लिहा.

आता नव्याने मोजा. ऋषिगंगेच्या उगमापासून रैणी, तपोवन, जोशीमठ, विष्णुप्रयागपर्यंत, पाणी आणि विशेषतः गाळ, कारण प्लुटोनियम विरघळून जाण्यापेक्षा गाळाला धरून राहतं. नमुने घेताना गावातली माणसं सोबत असू द्या. नमुन्याचा एक भाग भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आणि एक भाग स्वतंत्र प्रयोगशाळेकडे द्या. हे दर वर्षी करा.

जनित्र आज कुठे असू शकेल याचा हिमनदीशास्त्रज्ञांकडून अभ्यास करून घ्या. अभयारण्यात जाणं अशक्य नाही. १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाची मोहीम शास्त्रज्ञांसह आत जाऊन आली आहे, कचराही खाली आणला आहे. ते जनित्र खाली आणणं शक्य नसेल तर नसेल, पण ते शास्त्रज्ञांच्या तोंडून, कारणांसह ऐकू द्या.

१९६५ ते ६८ या काळात त्या मोहिमांवर गेलेल्या हमालांची, शेर्पांची, पोलिसांची यादी काढा. जे हयात असतील त्यांची सन्मानाने तपासणी करा आणि त्यांच्या आठवणी नोंदवून घ्या. जे गेले त्यांच्या घरी निदान सरकारी पत्र जाऊ द्या, की तुमच्या माणसाने देशासाठी काय वाहिलं होतं. याला उशीर चालणार नाही. तेव्हा विशीत असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे.

पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या या फायलींचा सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे आढावा घ्या आणि ज्या खुल्या करता येतील त्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवा. अमेरिकेकडून जनित्राचे तांत्रिक कागद मागा आणि मागितल्याचं जाहीर करा.

यात कुणाला शिक्षा करा अशी मागणी नाही, नुकसानभरपाईचा आकडा नाही. हे सगळं मिळून जो खर्च होईल तो खोऱ्यातल्या एका छोट्या वीज प्रकल्पापुढेही किरकोळ ठरेल.

या पत्राची प्रत मी उत्तराखंड आणि महाराष्ट्रातल्या खासदारांना पाठवते आहे. ज्या गिर्यारोहण संस्था आणि शिक्षक मित्र हिमालयात मुलं नेतात, त्यांनीही आपापल्या नावाने असं पत्र लिहावं अशी त्यांना विनंती करते.

आपलं उत्तर आधी रैणी आणि लाताच्या ग्रामपंचायतींना पाठवावं, हिंदीत. माझी प्रत मागून आली तरी चालेल.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका
नाशिक